बाण

एप्रिलच्या शेवटी रस्त्यावरची हिवाळी खडी झाडायला
नगरपालिकेचं यंत्र आलं,
त्याच दिवशी हिल्कानं स्कूटर बाहेर काढली.
मागचं टायर सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत.

गॅरेजवाल्यानं नव्वद युरो सांगितले,
वर अकरा दिवसांनी या म्हणाला.
बरं, म्हणाली ती, आणि वाटेत टायर विकत घेऊन
थेट घरी आली.
ईसाल्मीत कुंपणावरून एवढंच कळतं.

रेइनो स्वीडनला निघून गेला तेव्हा
तिच्या वाट्याला सौना आली, गळकी होडी आली
आणि पान्यांची पेटी.
प्रत्येक खणावर त्याच्या मुंगीएवढ्या अक्षरात आकडे.
चोविसाचा खण रिकामा.
नेमका तेवढाच घेऊन गेला होता.
चाकाचा नट चोविसाचा.

"चोवीस आहे?"
"आहे."
त्या दुपारी आम्ही बोललो ते जवळपास एवढंच.

सायलेन्सर उतरवला. नट गंजलेला.
पान्याला पाइप लावून ती त्यावर उभी राहिली,
अख्खं वजन टाकून, बूट घालून,
आणि तळ्यावरचा बर्फ तडकतो तसा
एक आवाज आला.

व्हॉल्व्हमधली पिन काढली, हवा सुस्कारत गेली.
टायरची कड रिमला अशी चिकटलेली
की माझ्या व्हॅनच्या हुकाखाली जॅक लावून
दाबून काढावी लागली.

नवं टायर तिनं सौनात वरच्या फळीवर बसवलं,
पाहुण्यासारखं.
आम्ही बाहेर पायरीवर कॉफी पीत बसलो.
दाराच्या फटीतून
भूर्जाच्या आणि रबराच्या वाफेचा
एकच वास येत होता.

मऊ पडल्यावर पाइनचा साबण कडेला चोपडला.
रिमला ओरखडे नकोत म्हणून दुधाच्या खोक्याचे तुकडे.
टायरची पट्टी एकच होती.
दुसरी म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरातला डाव,
ज्यानं तिनं एकोणीस वर्षं
वाटाण्याचं सूप वाढलं.
तिसरं हत्यार गुडघा.

शेवटची वीतभर कड काही जाईना.
ती थांबली. हात पुसले.
मग समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली,
आणि अलीकडची आपोआप सैल पडली.
सगळी मेख तिथेच असते.
मला ती कळायला तीन टायरं फाडावी लागली होती.

कॉम्प्रेसर माझा.
फट्ट, एक कड बसली. फट्ट, दुसरी.
हिल्का हसली, मोठ्यानं,
कुंपणापलीकडचं कुत्रं भुंकेपर्यंत.

तेव्हा मला बाण दिसला.
रबरावर उठवलेला, बोटाएवढा,
उलट्या दिशेला धावणारा.

मी कॉफी संपवली.
कप पायरीवर ठेवला.

लाकूड कारखान्यात एकतीस वर्षं
मी लोकांना त्यांचे उलटे बाण दाखवले.
पोरीलाही दाखवले.
ती आता नाताळला फोन करते,
हवा कशी आहे विचारते.

मी म्हणालो, "छान बसलंय."
आणि घरी आलो.

रात्री झोप कुठली. ओल्या रस्त्यावर उलटी नक्षी,
वळण, ब्रेक, असं सगळं मनात.
अकराला उठलो, बूट चढवले, सांगायचंच ठरवलं.
आभाळात अजून थोडा उजेड होता.
तिच्या सौनाच्या धुराड्यातून धूर येत होता,
मंगळवारी, दुसऱ्यांदा.
मी ओट्यावरच उभा राहिलो.
कॉम्प्रेसर अजून तिच्याकडेच होता.
बऱ्याच वेळानं ऐकू आलं: फट्ट.
मग, जरा थांबून, फट्ट.
या वेळी कुणी हसलं नाही.

सकाळी माझ्या दाराच्या कडीला पिशवी.
आत चोविसाचा पाना, धुतलेला, साबणाच्या वासाचा,
आणि चिठ्ठी:
"दिसला होता ना, आइमो?"

चिठ्ठी फ्रिजवर लावलीय. उत्तर दिलेलं नाही.
रोज पावणेसातला ती समोरून जाते,
चाक इतकं जोरात फिरतं
की बाण कुठे पळतोय ते दिसत नाही.

पुढचं टायरही झिजत आलंय.
त्याला एकोणिसाचा पाना लागतो.
तिच्या पेटीत आहे तो.
मी बघून ठेवलंय.